दोघींची लस

"आज मी वेदिका आहे," तनिष्का म्हणाली आणि काखेत थर्मामीटर घ्यायला तिनं हात वर केला.

लस टोचल्यावर मुलांना अर्धा तास ज्या खोलीत बसवत, तिथं माझी नेमणूक होती. ताप बघायचा, दंड बघायचा, मळमळतंय का, खाज सुटतेय का ते विचारायचं आणि रडणाऱ्याला बिस्किट द्यायचं. मी नाव पुकारलं होतं वेदिका मुरदंडे. उठून आली होती तिची चुलतबहीण.

"आणि काल कोण होतीस?"

"काल तनिष्का. उद्या परत तनिष्का."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं न्हाई. गळ्याशप्पत घातलीया." तिनं गळ्याची कातडी चिमटीत धरून दाखवली, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळावं.

तिच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र होतं. त्यावर वेदिकाचा क्रमांक, वेदिकाचा फोटो. फोटो नखाएवढा, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी आणि शाळेचा गणवेश. दोघीही आजोबांचं नाक आणि आजोबांचं कपाळ घेऊन आलेल्या. रोज घरी जाणाऱ्या माणसालाच त्या वेगळ्या कळत. लस टोचणाऱ्या सिस्टर कोल्हापूरहून तेवढ्या दिवसापुरत्या यायच्या.

मी खिडकीकडं पाहिलं. खरी वेदिका तनिष्काचं कार्ड गळ्यात घालून बाकावर बसली होती आणि बिस्किट चहाशिवाय कसं खायचं, या विवंचनेत होती.

दोघींना दुसरा डोस टोचून झाला होता. हिचा तिला आणि तिचा हिला.

सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. होऊन मी नुकतीच त्या कामाला लागले होते. यंत्रमागांचं गाव, दिवसभर मागांची खटखट आणि गल्लीभर खळ लावलेल्या सुताचा वास. नळाला पाणी आलं की बायका हातातलं सगळं टाकून धावत, कारण पुन्हा ते कधी येईल याचा नेम नसे. पिंप, बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे, जे सापडेल ते भरून ठेवायचं. त्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास सुखानं अंडी घालायचा आणि दर पावसाळ्यात गावातली मुलं तापानं फणफणायची. म्हणून डेंग्यूच्या नव्या लसीची चाचणी तिथं घ्यायचं ठरलं होतं. काही मुलांना खरी लस, काहींना तशीच दिसणारी मिठाच्या पाण्याची सुई. दोन डोस, मध्ये तीन महिने. मग सगळ्यांवर सारखीच नजर ठेवायची आणि शेवटी कुणाला डेंग्यू झाला, कुणाला नाही, ते ताडून बघायचं. कुणाला काय मिळालं ते ना आईबापांना ठाऊक, ना सिस्टरना, ना मला.

हे सगळं आम्ही पालकांना आधीच सांगितलं होतं. त्या सभेत पुष्पलता मुरदंडे उभी राहिली होती. तनिष्काची आई, घरातली थोरली सून; वेदिकाची आई सारिका धाकटी.

"तुमाला बी ठाऊक न्हाई, डाक्टरीणबाईंना बी ठाऊक न्हाई. मग ठाऊक कुणाला हाय?"

"कॉम्प्युटरला," मी म्हणाले.

"म्हंजे देवाच्या वरचा देव झाला की ह्यो!"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. खाली बसताना तिनं तनिष्काला मांडीवर ओढून घेतलं. मला तेव्हा तिचा राग आला होता. नंतर कळलं की दोन वर्षांपूर्वी तिचा थोरला मुलगा सोहम डेंग्यूनं गेला होता.

पहिल्या डोसनंतर वेदिकाचा दंड लिंबाएवढा सुजला आणि तिला ताप आला. तनिष्का मात्र संध्याकाळी दोरीवरच्या उड्या मारत होती. गल्लीनं निकाल देऊन टाकला, सारिकाच्या पोरीला औषध मिळालं, पुष्पीच्या पोरीला पाणी. मी दारोदार जाऊन सांगत राहिले की दंडावरून काही कळत नाही, लस मिळूनही अंगावर काहीच न उमटणारी मुलं असतात. बायका मला गवती चहा देत, माझ्या लग्नाचं कुठवर आलं ते विचारत आणि म्हणत, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायसा, पर दंड दिसतोय की डोळ्यांनी!"

पुष्पलता एकदा थेट केंद्रावर आली. "माझ्या पोरीला पाणी दिलंय. दुसऱ्या खेपेला तरी बदला."

"बदलता येत नाही हो. पहिल्यांदा जे मिळालं, तेच दुसऱ्यांदा मिळतं. आणि ते पाणीच होतं हे कशावरून?"

"कशावरून म्हंजे? माझं एक गेलंय, मॅडम. ह्या एकीला तरी खरं द्या."

माझ्याकडं द्यायला काही नव्हतं. ती गेली. त्यानंतर तिनं घरातलं प्रत्येक पिंप दर शनिवारी उपडं करून काथ्यानं घासायला सुरुवात केली, पिंपांच्या तोंडाला जुन्या साडीचं फडकं बांधलं आणि तनिष्काला उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचा झगा घातला. अंगणात खेळताना दहा वेळा हाक मारून कपाळाला हात लावून बघायची. पोरगी वैतागून ओरडायची, "अगं न्हाई मला ताप!"

त्यामुळं त्या सकाळी दोन कार्डं बदललेली पाहिल्यावर माझ्या मनानं एकच सरळ रेघ ओढली. थोरल्या जावेनं धाकटीला गळ घातली असणार. धाकटी सारिका तोंडातून शब्द न काढणारी. एका चुलीवर स्वयंपाक, एका छपराखाली दोन भावांचे माग. ती नाही म्हणाली असती तरी कशी?

मी बागवान मॅडमना गाठलं. गावातल्या चाचणीची सगळी जबाबदारी त्यांच्यावर होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्यात त्याचा अर्थ फार वाईट काही झालंय असा होता.

"नक्की?"

"नक्की. मी दोघींना ओळखते."

"आई कुठंय?"

पुष्पलता व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. सुई बघितली की तिला सोहमचा सलाइन लावलेला हात दिसायचा. म्हणून आत दोघींना सारिकाच घेऊन जायची. मी तिच्यासमोर उभी राहिले.

"तुम्ही असं करायला नको होतं. मी तुम्हाला इतकं समजावून सांगितलं होतं."

"काय केलं मी?"

"मुलींची कार्डं बदललीत. तनिष्काला वेदिकाचा डोस द्यायला लावलात."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं मान वळवून दारातून आत बघितलं. आत सारिका दोन्ही मुलींच्या मध्ये बसून एकीची रिबीन बांधत होती. पुष्पलतेच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि थांबलं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच केलं. तिला काय बोलू नगा. तिला ह्यातलं कायबी ठाऊक न्हाई."

"आत तर त्याच घेऊन गेल्या होत्या मुलींना," बागवान मॅडम म्हणाल्या.

"तिला मी दटावलं. माझ्या म्होरं बोलती का ती?"

आवाज ऐकून सारिका दारात आली. काय चाललंय ते तिला एका क्षणात कळलं असावं, कारण ती थेट पुष्पलतेच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं.

"अक्कांनी न्हाई, मी केलं."

"गप बस सारके. घरात जा."

"घर हितं कुठं हाय? मी केलं, मॅडम. अक्कांना कायबी माहीत न्हाई."

"खोटं बोलतीया ती. लहानपणापास्नं असलीच हाय."

"लहानपणी तुमी कुठं बघितलासा मला?"

"बास!" बागवान मॅडमनी हात वर केला. "मला एवढंच सांगा. कार्डं बदलली कुठं?"

"घरातच," पुष्पलता म्हणाली. "येणी घालताना."

"रांगेत," सारिका म्हणाली. "पाण्याच्या टाकीमागं. वेदीला लघवीला न्यायच्या निमित्तानं दोघींना घेऊन गेले. अक्का तवा हितं बसल्या हुत्या. तनूनं ईचारलं, आज मी वेदिका का? म्हटलं, व्हय, आजच्या दिवस."

तनिष्का आता शपथेतून सुटल्यासारखी दारातून डोकावून म्हणाली, "बगा, मी न्हाई सांगितलं. काकीनंच सांगितलं."

पुष्पलता उठली. "का गं?" तिनं विचारलं. आवाजात राग होता. "तुझ्या पोरीला खरं मिळालं हुतं. सगळ्या गल्लीनं बघितलं. तिचं अर्धं राह्यलं ना आता!"

"ऱ्हाऊ दे. तिला एक तरी मिळालंय." सारिका हातातल्या रिबिनीशी चाळा करत होती. "तनूला काहीच न्हवतं. दोघी एका अंथरुणात झोपतात, अक्का. एकच डास दोघींना चावणार. मग एकीला काही हुणार न्हाई आन एकीला..."

"म्हणून पोटच्या पोरीचं काढून द्यायचं?"

"सोहमचा ताप उतरला तवा मी त्याला आंघुळ घातली." ती हे आमच्यापैकी कुणालाच म्हणत नव्हती. "तुमी दोन रात्री जागलेल्या हुत्या, तुमाला म्हटलं निजा, आता बरा झाला. गरम पाणी घातलं, भात चारला. ताप उतरला म्हंजे बरा झाला असंच वाटलं. सांजच्याला त्याचं हातपाय गार पडलं."

बागवान मॅडम सारिकाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोका सुरू होतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हे आम्ही पुस्तकात शिकतो. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम आमचं होतं."

"ती काय मला नवं सांगतीया का?" पुष्पलता म्हणाली. "मी कधी बोलले का तिला?"

"न्हाई बोललासा," सारिका म्हणाली. "म्हणून तर."

मुली घरी गेल्या. मागं कामाचं मोहोळ उठलं. घडलेलं सगळं वर कळवायचं, दोघींना चाचणीच्या हिशेबातून बाहेर काढायचं, पण वाऱ्यावर सोडायचं नाही. त्यांच्या अंगात नेमकं काय गेलंय ते कळल्याशिवाय पुढं काय द्यायचं ते ठरणार नव्हतं, म्हणून फक्त या दोन क्रमांकांची गुप्त खूण उघडायची परवानगी मागितली गेली. मधल्या काळात मी जवळजवळ रोज मुरदंड्यांकडं जात होते. पाऊस लागला होता, गल्लीत दोन मुलं तापानं दवाखान्यात होती. दोघी जावा एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलत. पीठ संपलंय. पाणी आलंय. माग बंद का पडला. पिंपं मात्र आता दोघी मिळून घासायच्या, एक धरायची आणि एक घासायची. माझ्यासाठी गवती चहा यायचा. लग्नाचं मात्र कुणी विचारायचं नाही आणि मला त्याचं चक्क वाईट वाटायचं.

आता मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं रक्ताचे नमुने बंद नळ्यांतून येतात. नळीवर आकडा असतो, नाव नसतं. काम स्वच्छ असतं आणि मला ते आवडतं. पण कधी कधी दुपारी यंत्राची एकसुरी खटखट सुरू झाली की मला ते अंगण दिसतं, दोरीवर वाळत घातलेली दोन सारखी फ्रॉकं दिसतात आणि कुणाचं कोणतं हे विचारलं की "कुणाचंबी" म्हणणाऱ्या दोन बायका.

श्रावण निम्मा झाला तेव्हा बागवान मॅडमनी दोघींना मुलींसह बोलावलं. मुलींना बाजूच्या खोलीत सिस्टरांजवळ बसवलं. दोघी जावांचा सोमवारचा उपास होता. मी मॅडमच्या खुर्चीमागं उभी होते. मलाही काय निघालंय ते ठाऊक नव्हतं.

"नीट ऐका," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या वेळी तनिष्काला लस मिळाली होती. वेदिकाला मिठाचं पाणी."

पुष्पलतेनं ऐकलं की नाही कळेना. सारिकाच म्हणाली, "उलटं सांगताय तुमी."

"नाही. मी दोनदा विचारून घेतलंय."

"आन सूज? ताप?"

"त्या आठवड्यात निम्म्या शाळेला सर्दीताप होता. आणि सुईनं थोडी सूज येतेच. खाजवली की वाढते."

"सारखी खाजवत हुती," सारिका पुटपुटली. मग तिचे ओठ हलू लागले. ती मनातल्या मनात कार्डं इकडून तिकडं नेत होती. "म्हंजे दुसऱ्या खेपेला... तनूला..."

"पाणी गेलं."

"आन वेदीला..."

"लस."

सारिका उठून उभी राहिली. कुठं जायचं ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती भिंतीपाशी गेली. "अक्कांच्या लेकीच्या वाट्याचं काढून माझ्या लेकीला घातलं मी," ती भिंतीला म्हणाली.

"तसं नाही," मी घाईनं म्हणाले. "दोघींना एकेक मिळालंय. अगदी सारखं." माझं म्हणणं बरोबर होतं आणि त्या घडीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

"सारके, इकडं ये. बस."

सारिका बसली नाही. पुष्पलतेनं तिचा हात धरून तिला खाली ओढलं.

"एक ईचारते. खरं सांग. मी वेदीच्या दंडाकडं बघून जळत हुते, ते तुला ठाऊक हुतं?"

सारिकानं मान हलवली.

"कधीपास्नं?"

"पहिल्या दिवसापास्नं. वेदीची येणी घालताना तुमी तिची बाही वर करून बघत हुतासा. रोज."

"आन तू काय बोलली न्हाईस."

"काय बोलू? तुमच्या जागी मी बी बघितलं असतं. म्हटलं, दिऊन टाकावं. मग तरी बघायचं थांबशीला."

पुष्पलतेनं पदराचं टोक तोंडात धरलं. मला वाटलं ती रडतेय. खांदे हलत होते. पण तिनं पदर काढला तेव्हा ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसत होती.

"अगं, तुझ्यापरास मी बरी! मी नुसतं जळून घेतलं. तू तर डोळ्यांदेखत लुटून नेलंस की!"

सारिका दचकली. मग तिच्याही तोंडून एक आवाज निघाला, अर्धा हुंदका, अर्धं हसू. "अक्का, काय बी बोलताय."

"चोर ती चोर, आन वर म्हणती दान दिलं."

"अक्का!"

बागवान मॅडमनी चष्मा पुसला आणि त्या दोघी थोड्या शांत होईपर्यंत थांबल्या. "आता पुढचं ऐका. दोघींचा एकेक खरा डोस राहिलाय. तो द्यायची परवानगी मिळाली आहे. आजच देते. कुणाला आधी?"

"वेदीला," पुष्पलता म्हणाली.

"न्हाई न्हाई, तनूला. तिचं मी घेतलंय."

"थोरली मी हाय. मी सांगते तेच हुणार. वेदीला आधी."

"मॅडम, ह्यांचं ऐकू नगा. तनूला."

"अगं, आधी आन मागं, औषध तेच हाय ना!"

"मग तनूला घेऊ द्या की आधी!"

"माझ्या तोंडाला लागतीस?"

इतक्या आठवड्यांचं साठलेलं बोलणं एकदम वाट फुटल्यासारखं बाहेर येत होतं. भांडण पिंपांवर गेलं, मग सोमवारच्या साबुदाण्यावर, तिथून मागाच्या तुटलेल्या पट्ट्यावर आणि मग पुन्हा फिरून वेदी आणि तनूवर आलं. बागवान मॅडमनी मला खुणेनं दाराकडं जायला सांगितलं. मी बाजूच्या खोलीत गेले. सिस्टरांकडं बघून मान डोलावली. कार्डं बघितली, चेहरे बघितले, पुन्हा कार्डं बघितली.

मी परत येऊन सांगितलं, तेव्हाही दोघी भांडतच होत्या.

"झालं," मी म्हणाले.

"काय झालं?"

"दोघींना टोचून झालं."

मग दोघींनी एकदमच विचारलं, "आधी कुणाला?"

वेळ केंद्राच्या कागदावर होती, मिनिटासकट. मीच लिहिली होती.

"लक्षात नाही," मी म्हणाले.